रडी, राज्य आणि लिंबूटिंबू

शाळेच्या क्रीडामहोत्सवात उद्घाटकांच्या भाषणात ‘खिलाडूवृत्ती’ हमखास येते. मैदानातल्या पोरांच्या तोंडी मात्र हा शब्द मी कधी ऐकला नाही. त्यांच्याकडे उलट बाजूचा शब्द आहे: रडी. बाद झालेला गडी ‘लागलंच नाही’ म्हणून अडून बसला, की बाकीचे ओरडतात, “ए, रडी खातो!”

‘रडणे’वरून हा शब्द आला हे उघडच आहे, मजा आहे ती निवडीत. लबाडी, फसवणूक, खोटेपणा असे शब्द हाताशी असताना पोरांनी या गुन्ह्याला रडण्याचं नाव दिलं. खोटं बोलल्याचा त्यांना एवढा राग नसावा. हार पचली नाही, याचा आहे. आणि ही रडी ‘खायची’ असते, लाच खातात तशी.

‘राज्य’ तर त्याहून गमतीचं. लपाछपीत ज्याच्यावर राज्य येतं त्याचे हाल बघा: डोळे मिटून आकडे मोजायचे आणि एकट्याने सगळ्यांना हुडकायचं. खेळातलं राज्य मिळत नाही, संकट यावं तसं अंगावर येतं. ते ‘द्यावं’ लागतं, देणं फेडावं तसं. राज्य न देता जेवायला पळालेला पोरगा दुसऱ्या दिवशीही कर्जदारच.

यातून सूट फक्त लिंबूटिंबूला. एरवी मराठीत असा नादजोड ‘बि’ने होतो: चहाबिहा, पाणीबिणी. लिंबामागे मात्र टिंबू आला. मला त्यात टिंब दिसतं, एवढासा ठिपका. तो धावतो, लपतो, पण सापडला तरी त्याच्यावर राज्य नाही. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायची ही सोय कुणा क्रीडाशिक्षकाने शिकवलेली नाही.

वय कमी दाखवून धाकट्यांच्या स्पर्धेत उतरण्याला वर्तमानपत्रांनी अलीकडे ‘वयचोरी’ हा शब्द रुळवला आहे, करचोरी-वीजचोरीच्या साच्यातला. क्रिकेट नियामक मंडळाला 16 वर्षांखालच्या मुलांचं वय मनगटाच्या एक्सरेवरून पडताळावं लागतं, ते याच्यापायी. वीजचोराच्या घरी वीज तरी येते. वयचोराचं वय उलट कमी होतं. चोरीला जाते ती खऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाची संघातली जागा. गल्लीत थोरले धाकट्याला लिंबूटिंबू करून घेतात. इथे थोरलाच लिंबूटिंबू होऊन उतरतो. आणि जन्माचा दाखला काही पोर स्वतः काढून आणत नाही.