औलू विद्यापीठ आणि युरोपातील सहयोगी दूरसंचार संशोधन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

फिनलंडच्या उत्तर भागात, हेलसिंकीपासून सुमारे ६०० किलोमीटर अंतरावर, बॉथ्नियाच्या आखाताकाठी औलू हे शहर वसले आहे. एकोणिसाव्या शतकात पाइनच्या लाकडापासून काढलेल्या डांबराची निर्यात करणारे बंदर म्हणून ते ओळखले जात असे. येथे १९५८ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले व पुढील वर्षी अध्यापनास प्रारंभ झाला. शिक्षणासाठी दक्षिणेकडे जाणाऱ्या तरुणांना रोखून मागे पडलेल्या उत्तरेचा विकास साधावा, हा त्या निर्णयामागील हेतू होता. प्रादेशिक विकासाच्या गरजेतून जन्मलेले हे विद्यापीठ पुढील चार-पाच दशकांत युरोपच्या मोबाइल संशोधनातील महत्त्वाचे भागीदार कसे बनले, हा तंत्रज्ञानाच्या इतिहासातील विचारणीय प्रश्न आहे.

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर ‘नोकिया’ या एका शब्दात दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचा विभाग १९६५ मध्ये सुरू झाला. नोकियाचा रेडिओ-उपकरणांचा उद्योग औलूत त्यानंतर, १९७० च्या दशकात रुजला. १९७४ मध्ये शासकीय तंत्रसंशोधन केंद्राची, म्हणजे व्हीटीटीची, इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा येथे आली आणि १९८२ मध्ये तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले. प्रशिक्षित अभियंते आधी आणि उद्योग नंतर, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

युरोपीय सहकार्याशी फिनलंडचा संबंधही युरोपीय संघाच्या सदस्यत्वापेक्षा जुना आहे. १९७१ मधील ‘कॉस्ट’ या वैज्ञानिक सहकार्य योजनेत आणि १९८५ मधील ‘युरेका’ उपक्रमात तो देश आरंभापासून होता. १ जानेवारी १९९५ रोजी फिनलंड संघाचा सदस्य झाला आणि त्याच वर्षी औलू विद्यापीठात बिनतारी दळणवळण केंद्र स्थापन झाले. या योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये. तथापि संघाच्या ‘फ्रेमवर्क प्रोग्रॅम’ या बहुवार्षिक संशोधन योजनांचे दार त्यामुळे केंद्राला पहिल्या दिवसापासून उघडे होते, हे खरे.

अशा प्रकल्पांत अनेक देशांतील कंपन्या, संशोधन संस्था आणि विद्यापीठे एकत्र येतात. बाजारात परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या बाजारपूर्व टप्प्यात सामाईक प्रश्नांवर काम करतात. भागीदारांच्या यादीत विद्यापीठाचे नाव पुष्कळदा शोभेपुरतेच असते. औलूची गोष्ट वेगळी होती, हे ‘विनर’ या प्रकल्पावरून दिसते.

‘विनर’ प्रकल्प २००४ मध्ये सुरू झाला. त्याचा दुसरा टप्पा २००७ मध्ये संपला. चौथ्या पिढीच्या मोबाइल सेवेची पूर्वतयारी हे त्याचे उद्दिष्ट होते. रेडिओलहर प्रेषकापासून ग्राहकापर्यंत सरळ एका वाटेने जात नाही. भिंती, रस्ते, वाहने, झाडे यांवर आदळून ती अनेक वाटांनी, निरनिराळ्या विलंबाने पोहोचते. या वर्तनाचे गणिती वर्णन म्हणजे चॅनेल मॉडेल. असे सर्वमान्य मॉडेल नसेल, तर प्रत्येक कंपनी आपल्या सोयीची गृहीतके धरून आपलेच तंत्र सरस ठरवील. म्हणजे येथे आवश्यक होता तो सर्वांना मान्य होईल असा मापदंड. तो मोजमापाशिवाय मिळणार नव्हता आणि मोजमाप हे वेळखाऊ, कष्टाचे, नावलौकिक न देणारे काम आहे. औलू विद्यापीठाने ते अंगावर घेतले. एलेक्ट्रोबिट ही स्थानिक कंपनी, जर्मनीतील इल्मेनाऊचे तांत्रिक विद्यापीठ, नोकिया आणि कॅनडातील दळणवळण संशोधन केंद्र हे त्यातील सहकारी होते. औलूचे रस्ते आणि इमारती मोजमापाच्या स्थळांत होत्या. सप्टेंबर २००७ च्या अहवालातील या मॉडेलचा आधार घेऊनच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००८ मध्ये चौथ्या पिढीच्या तंत्रांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. प्रांतीय शहरातील एका विद्यापीठाचे काम अशा प्रकारे जागतिक कसोटीचा भाग झाले.

अर्थात, जो मोजतो त्याचा भूगोल कसोटीत उतरतो. भारतातील विरळ मनोरे आणि दूरवर पसरलेली खेडी युरोपीय गृहीतकांत बसत नव्हती. पाचव्या पिढीच्या वेळी भारतीय संस्थांनी हा मुद्दा लावून धरला, तेव्हा २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ६ किलोमीटर अंतरावरील मनोऱ्यांची ग्रामीण चाचणी-स्थिती समाविष्ट झाली.

औलूची खरी परीक्षा पुढे झाली. नोकियाने मोबाइल संचांचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकण्याचे २०१३ मध्ये जाहीर केले आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये व्यवहार पूर्ण झाला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने औलूतील संच-विकास केंद्र बंद करण्याचे ठरविले. ब्रॉडकॉमनेही मोबाइल मोडेमच्या व्यवसायातून अंग काढून घेतले. शेकडो अभियंते बेकार झाले. विद्यापीठ केवळ एका कंपनीची सावली असते, तर त्याचे संशोधनही याच सुमारास ओसरले असते. परंतु पाचव्या पिढीची पायाभरणी करणाऱ्या ‘मेटिस’ या २०१२ ते २०१५ मधील प्रकल्पात ते भागीदार होते आणि व्हीटीटीसह त्याने ५-जी चाचणी जाळेही उभारले. नोकरी गेलेल्या अभियंत्यांना यातून किती दिलासा मिळाला असेल, हा प्रश्न मात्र विद्यापीठाच्या यशाने पुसला जात नाही.

२०१८ मध्ये भूमिकेत बदल झाला. फिनलंडच्या अकादमीने निवडलेला ‘६-जी फ्लॅगशिप’ हा राष्ट्रीय कार्यक्रम मट्टी लात्व्हा-अहो यांच्या नेतृत्वाखाली औलूत सुरू झाला. २०१८ ते २०२६ या काळासाठी त्याचा एकूण आकार २५.१ कोटी युरो ठरविण्यात आला. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याने सहाव्या पिढीविषयीची पहिली श्वेतपत्रिका काढली. पूर्वी इतरांनी मांडलेल्या प्रश्नांवर काम करणारे विद्यापीठ आता स्वतः प्रश्न मांडू लागले. तरीही जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘हेक्सा-एक्स’ या युरोपीय प्रकल्पाचे नेतृत्व नोकियाकडेच राहिले आणि विद्यापीठ भागीदारांपैकी एक होते. पेटंट आणि मानकनिर्मिती या दोन्ही बाबतींत वजन कंपन्यांचेच असते. विद्यापीठाचा प्रभाव त्याआधीच्या, मोजमापाच्या टप्प्यावर अधिक पडतो. हा टप्पा प्रत्येक पिढीत नव्याने येतो. ७ ते २४ गिगाहर्ट्झ या नव्या पट्ट्यासाठी जुनी मॉडेल्स पुरेशी आहेत काय, हे तपासण्याचे काम मानके ठरविणाऱ्या ‘३-जीपीपी’ या संघटनेने २०२४ मध्ये हाती घेतले, तेव्हा आधार पुन्हा प्रत्यक्ष मोजमापांचाच घ्यावा लागला.