2024 मध्ये आपल्यातून गेलेले सूर: रेडिओवरच्या श्रद्धांजलीत ऐकू येणारी सात नावं आणि त्यांची ओळख

आठवीच्या वर्गात मी विचारलं, "राशिद खान कोण?" पंधरा-वीस हात एकदम वर गेले. "सर, अफगाणिस्तानचा स्पिनर!" उत्तर चुकीचं नव्हतं. पण मी ज्यांच्याबद्दल विचारत होतो ते उस्ताद राशिद खान गाणारे होते, आणि त्यांचं नाव वर्गात एकालाही माहीत नव्हतं. मग त्यांच्या आवाजातलं एक सिनेमातलं गाणं मोबाईलवर लावलं, तर निम्मा वर्ग गुणगुणू लागला. गाणं ओळखीचं, गाणारा अनोळखी.

वर्ष संपत आलं की रेडिओवर त्या वर्षात निधन झालेल्या गायक-वादकांना श्रद्धांजली वाहणारे कार्यक्रम होतात. उर्दूत आपण त्याला खिराज-ए-अकीदत म्हणतो. निवेदक नाव घेतो, दोन-चार वाक्यांत ओळख करून देतो, जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा लागतो, की पुढचं नाव. ऐकणाऱ्याला आधीची माहिती नसेल तर ही नावं कानावरून नुसती निघून जातात. म्हणून 2024 या वर्षातल्या सात नावांची ही ओळख. मुलांसोबत बसून वाचता यावी अशी, निधनाच्या तारखेच्या क्रमाने लिहिली आहे.

उस्ताद राशिद खान (1 जुलै 1968 – 9 जानेवारी 2024)

उत्तर प्रदेशातल्या बदायूं जिल्ह्याचे. घराणं रामपूर-सहसवान. या घराण्याचे संस्थापक मानले जाणारे उस्ताद इनायत हुसेन खान हे त्यांचे पणजोबा. तालीम मिळाली ती आजोबांच्या नात्यातल्या उस्ताद निसार हुसेन खान यांच्याकडे. गुरू फार कडक होते. पहाटेपासून एकाच स्वरावर तासन्‌तास रियाज चाले. लहानपणी आपल्याला त्याचा कंटाळा यायचा, हे राशिद खान यांनी स्वतःच सांगितलं आहे. "सर, पाठांतराचा कंटाळा येतो" म्हणणाऱ्या मुलांना मी हा किस्सा मुद्दाम सांगतो.

1980 मध्ये निसार हुसेन खान कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत गेले, तेव्हा हा मुलगाही त्यांच्याबरोबर गेला. पुढे कोलकाता हेच त्यांचं घर झालं. तराणा हा या घराण्याचा खास प्रकार, आणि तो राशिद खान यांच्या गळ्यात सहज बसला होता. 2006 मध्ये पद्मश्री आणि 2022 मध्ये पद्मभूषण. 'जब वी मेट' (2007) या सिनेमातल्या गाण्यामुळे त्यांचा आवाज घराघरांत पोचला. कर्करोगाने अवघ्या 55 व्या वर्षी इंतेकाल झाला. कोलकात्यात शासकीय मानवंदना देण्यात आली आणि दफन बदायूंला, आपल्या मातीत झालं.

डॉ. प्रभा अत्रे (13 सप्टेंबर 1932 – 13 जानेवारी 2024)

पुण्यात जन्म, पुण्यातच निधन. विज्ञान आणि कायदा अशा दोन्ही पदव्या घेतलेल्या, आणि पुढे संगीतात डॉक्टरेट. घराणं किराणा. मारूबिहाग आणि कलावती या रागांतलं त्यांचं ध्वनिमुद्रण अनेक श्रोत्यांसाठी शास्त्रीय संगीताचा पहिला धडा ठरलं. 2022 मध्ये पद्मविभूषण.

रेडिओशी त्यांचं नातं फक्त गायिका म्हणून नव्हतं. आकाशवाणीत सहाय्यक निर्माती म्हणून त्यांनी काही वर्षं नोकरी केली. म्हणजे मायक्रोफोनच्या दोन्ही बाजूंना त्या उभ्या राहिल्या.

त्यांचे गुरू सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर. हे भाऊ-बहीण कुणाची मुलं? उस्ताद अब्दुल करीम खान आणि ताराबाई माने यांची. अब्दुल करीम खान मूळचे उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचे, 'किराणा' हे नाव तिथूनच आलं. पण ते राहिले मिरजेत आणि 1937 मध्ये इंतेकाल झाल्यावर त्यांचं दफनही मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात झालं. तिथे उरुसाच्या काळात त्यांच्या स्मरणार्थ आजही मैफली होतात. पुण्यातल्या एका ब्राह्मण घरातल्या मुलीच्या गळ्यातून कैरानाच्या उस्तादांची गायकी ऐकू आली, ती अशी. आपल्यापैकी जे सांगली-मिरजेचे आहेत, त्यांनी मुलांना एकदा ती जागा जरूर दाखवावी.

अमीन सयानी (21 डिसेंबर 1932 – 20 फेब्रुवारी 2024)

हे गायकही नव्हेत आणि वादकही नव्हेत. पण रेडिओवरच्या श्रद्धांजलीत त्यांचं नाव नसेल तर कार्यक्रम अपुराच. मुंबईत जन्म. 'बिनाका गीतमाला' 3 डिसेंबर 1952 ला रेडिओ सिलोनवर सुरू झाली. त्या काळात ऑल इंडिया रेडिओने हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर निर्बंध आणले होते, त्यामुळे श्रोते सिलोनकडे वळले. आकाशवाणीने विविध भारती सुरू केली ती 1957 मध्ये. पुढे 1989 मध्ये गीतमालासुद्धा विविध भारतीवर आली.

त्यांची भाषा कुठून आली, हे आपल्या घरांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यांची आई कुलसुम सयानी 'रहबर' नावाचं पाक्षिक काढत. ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिपींत निघे, आणि भाषा असे साधी हिंदुस्तानी. नवसाक्षरांना वाचता यावं हा हेतू होता आणि गांधीजींचं प्रोत्साहन होतं. त्या कामात अमीन लहानपणापासून मदत करत. "बहनों और भाइयों" म्हणणारा तो आवाज कुणालाच परका वाटला नाही, त्याचं मूळ मला तरी या तीन लिपींच्या अंकात दिसतं. 2009 मध्ये पद्मश्री.

पंकज उधास (17 मे 1951 – 26 फेब्रुवारी 2024)

गुजरातमधल्या जेतपूरचे. मातृभाषा गुजराती. गझल गायची तर शब्द आधी कळले पाहिजेत म्हणून त्यांनी उर्दू शिकून घेतली. 'आहट' हा पहिला अल्बम 1980 चा. 'नाम' (1986) या सिनेमातल्या गाण्याने ते घराघरांत पोचले. परदेशात नोकरी करणाऱ्या मुलाला घरची चिठ्ठी येते, असं ते गाणं. कोकणातल्या ज्या घरांतले बाप-भाऊ आखाती देशांत होते, त्या घरांना त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नाही. 2006 मध्ये पद्मश्री. मुंबईत निधन.

आपल्या घरातली मुलं उर्दू वाचायला कुरकुर करतात, तेव्हा उधास यांचं उदाहरण द्यावं. ज्यांच्या घरची ती भाषा नव्हती, त्यांनी ती मेहनतीने शिकली.

पंडित राम नारायण (25 डिसेंबर 1927 – नोव्हेंबर 2024)

उदयपूरजवळ जन्म. सारंगी हे साथीचं वाद्य. गायक पुढे आणि सारंगिये मागे. राम नारायण यांनी ती मंचाच्या मध्यभागी आणून एकट्याने वाजवली.

त्यांची सुरुवात रेडिओवरच झाली. 1944 मध्ये ते ऑल इंडिया रेडिओच्या लाहोर केंद्रावर गायक म्हणून अर्ज घेऊन गेले. तिथले संगीत निर्माते जीवनलाल मट्टू यांनी त्यांच्या नखांवरच्या खाचा पाहिल्या. सारंगीची तार बोटाच्या टोकाने नाही, नखाच्या कडेने दाबतात, त्यामुळे वादकाची नखं झिजून खाच पडते. मट्टूंनी ओळखलं आणि त्यांना गायक म्हणून न घेता सारंगीवादक म्हणून नोकरी दिली. 1940 पासून रेडिओवर पेटीला बंदी होती, त्यामुळे गाण्याच्या साथीला सारंगीवाल्यांची गरजही होती. लाहोरमध्येच त्यांना किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल वहीद खान यांची तालीम मिळाली. हे अब्दुल वहीद खान म्हणजे अब्दुल करीम खान यांचे भाऊबंद. प्रभाताई आणि राम नारायण यांच्या वाटा अशा एकाच गावाकडे जातात.

फाळणीनंतर ते दिल्लीला आले, पुढे मुंबईत स्थायिक झाले. 2005 मध्ये पद्मविभूषण. मुंबईत 96 व्या वर्षी निधन.

उस्ताद आशिष खान (5 डिसेंबर 1939 – नोव्हेंबर 2024)

मैहरमध्ये जन्म. उस्ताद अलाउद्दीन खान यांचे नातू, उस्ताद अली अकबर खान यांचे चिरंजीव. वाद्य सरोद. वयाच्या तेराव्या वर्षी दिल्लीत, आकाशवाणीच्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, आजोबांच्या शेजारी बसून त्यांनी पहिल्यांदा जाहीरपणे वादन केलं. विचार करा, आजोबा आणि नातू एका मायक्रोफोनसमोर, आणि देशभरातली माणसं आपापल्या घरी ऐकत आहेत. पुढचं बरंचसं आयुष्य त्यांनी अमेरिकेत शिकवण्यात घालवलं. लॉस एंजेलिसमध्ये इंतेकाल.

उस्ताद झाकिर हुसेन (9 मार्च 1951 – 15 डिसेंबर 2024)

माहीमचा मुलगा. शाळा माहीमचीच सेंट मायकल्स, कॉलेज सेंट झेवियर्स. वडील उस्ताद अल्लारखां मूळचे जम्मूकडचे, पंजाब घराण्याचे. मुंबईत येण्याआधी तेही लाहोर आणि दिल्लीच्या रेडिओ केंद्रांवर वाजवत असत.

झाकिरभाईंनी मुलाखतींमध्ये अनेकदा सांगितलेली एक हकिकत आहे. ते जन्मल्यावर बाळाच्या कानात दुआ सांगायची म्हणून त्यांना वडिलांच्या हातात दिलं. वडिलांनी कानात तबल्याचे बोल म्हटले. आई रागावली. वडिलांचं उत्तर होतं की, माझी इबादत हीच आहे. लहानपणची सकाळही ते सांगत: पहाटे वडिलांकडे तालीम, मग मदरशात कुरआन पठण, मग शाळेत प्रार्थना. एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना काही विसंगत आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

1988 मध्ये पद्मश्री, 2002 मध्ये पद्मभूषण, 2023 मध्ये पद्मविभूषण. फेब्रुवारी 2024 मध्ये एकाच रात्री तीन ग्रॅमी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फुफ्फुसांच्या आजाराने सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 73 व्या वर्षी इंतेकाल झाला आणि तिथेच कॅलिफोर्नियात दफन झालं.

ऐकताना काय लक्षात घ्यावं

ही सात नावं एकत्र वाचली की एक गोष्ट दिसते. यातल्या चार जणांच्या गोष्टीत रेडिओ हा फक्त गाणी वाजवणारा डबा नाही. तिथे नोकरी मिळाली, तिथे गुरू भेटले, तिथे पहिली संधी मिळाली. संस्थानिकांचा आश्रय कमी होत गेला, तेव्हा कित्येक उस्तादांच्या घरची चूल रेडिओच्या पगारावर आणि मानधनावर पेटत होती. दुसरी गोष्ट, 'उस्ताद' आणि 'पंडित' ही बिरुदं वेगळी दिसली तरी तालीम एकमेकांकडून घेतलेली आहे. ही वंशावळ नीट वाचली तर ती एका धर्माची राहत नाही.

संगीताबद्दल आपल्या समाजात मतभेद आहेत, हे मला माहीत आहे. काही घरांत ते ऐकत नाहीत, आणि तो त्यांचा विचार आहे. तो वाद मी इथे काढत नाही. पण ऐकणं आणि माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या देशाच्या संगीताची उभारणी ज्या हातांनी झाली, त्यांत आपल्या बुजुर्गांचे हात किती होते, हे आपल्या मुलांना माहीत नसेल तर उद्या कुणी काहीही सांगितलं तरी ती मान डोलावतील. माहिती नसलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही.

घरी करून पाहण्यासारखं

वर्षाच्या शेवटी रेडिओवर असा कार्यक्रम लागला तर मुलांच्या हातात वही द्या. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहायला सांगा: गाव, वाद्य किंवा गायकी, गुरू, आणि गुरूंचे गुरू. चौथा रकाना रिकामा राहिला तर तो शोधून भरायचा. आमच्या वर्गात हे करून पाहिलं, तेव्हा एका मुलीने प्रभा अत्रे यांच्या नावापुढून बाण काढत काढत मिरजेपर्यंत आणला आणि म्हणाली, "सर, माझी नानी मिरजेची आहे. मी तिला विचारते."

नानीला विचारा. आजोबांना विचारा. गीतमालाच्या वेळी कुणाच्या घरी रेडिओ होता, कोण कोण येऊन बसायचं, ते विचारा. आणि ते सांगतील ते त्याच वहीत लिहून ठेवा.