हुगळीचे रुग्णालय आणि ‘झाडफूक’ : एका समीकरणाचा इतिहास

4 एप्रिल 1845 रोजी बंगालमधील हुगळी येथे माधव कौरा नावाच्या एका कैद्यावर अंडवृद्धीची शस्त्रक्रिया झाली. तिच्यानंतर त्यास असह्य वेदना होऊ लागल्या, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश शल्यवैद्य जेम्स एस्डेल याने त्याच्या अंगावरून हात फिरवून पाहण्याचे ठरविले. मेस्मेरिझमविषयी एस्डेलने वाचले होते. प्रयोग मात्र प्रत्यक्ष कधी पाहिला नव्हता. काही वेळाने रोगी निश्चेष्ट झाला. पुढील आठ महिन्यांत आपण 73 शस्त्रक्रिया वेदनेवाचून केल्या, असे एस्डेलने 1846 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. त्यांत हत्तीरोगाने अंडकोशावर वाढलेल्या प्रचंड गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियाही होत्या. ईथरचा बोस्टन येथील प्रसिद्ध प्रयोग ऑक्टोबर 1846 मधला, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या दाव्याचे महत्त्व कळते.

या उपचारामागील सिद्धान्त मेस्मरचा होता. प्राणिमात्रांत एक सूक्ष्म द्रव वाहत असून तो एका देहातून दुसऱ्या देहात सोडता येतो, असे मेस्मरचे म्हणणे. 1784 साली पॅरिस येथे राजाज्ञेने नेमलेल्या मंडळाने, ज्यात फ्रँकलिन व लाव्हाझिए होते, असा द्रव नाही व जे परिणाम दिसतात ते कल्पनाशक्तीचे आहेत, असा निर्णय दिला. लंडनमध्ये जॉन एलियट्सनला याच विद्येपायी 1838 साली आपले रुग्णालयीन पद सोडावे लागले होते. एस्डेलचा द्रवावर विश्वास कायम होता. कल्पनाशक्तीचा आक्षेप टाळण्यासाठी आपल्यावर काय चालले आहे हे रुग्णास सहसा सांगितले जात नसे. खोलीत अंधार केला जाई. रुग्णाच्या उशाशी बसून, त्याच्यावर वाकून, श्वास सोडीत हात फिरविण्याचे काम तासन्‌तास चाले. हे काम थकविणारे असल्याने एस्डेलने ते लवकरच रुग्णालयातील हिंदू व मुसलमान तरुण साहाय्यकांवर सोपविले. ‘एस्डेलच्या शस्त्रक्रिया’ म्हणून ज्या इतिहासात नोंदल्या गेल्या, त्यांतील सुरी तेवढी एस्डेलची होती, हे विसरता कामा नये.

एस्डेलला बंगालमधील एका मांत्रिकाची पद्धती पाहावयास मिळाली, आणि ‘झाडफूक’ हा शब्द त्याच्या कानी आला. हात फिरविणे आणि फुंकणे म्हणजेच मेस्मेरिझम; ही विद्या या देशात पूर्वापार आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. कृतीचे साम्य खरोखरच विलक्षण आहे. तथापि शब्दाचा अर्थ नेमका उलट दिशेस जातो. बंगालीत काय, मराठीत काय, ‘झाडणे’ म्हणजे अंगाला लागलेले बाहेर काढून टाकणे. तेथे रोग हा आगंतुक आहे. मेस्मरच्या मते मात्र उपचारक रुग्णाच्या देहात काही घालीत असतो. एकाच हस्तक्रियेला दोन परस्परविरुद्ध शरीरकल्पना चिकटल्या होत्या, आणि समीकरण मांडताना त्यांतील एक गळून पडली. मांत्रिकाला रुग्णालयात बोलावण्याचा प्रश्न मग उरलाच नाही.

1846 साली बंगाल सरकारने या शस्त्रक्रियांच्या तपासणीसाठी समिती नेमली. तिच्यापुढील खरी अडचण साक्षीची होती. जागे झाल्यावर रुग्ण वेदना झाली नाही असे सांगत. परंतु त्यांतील काहींचे हात शस्त्रक्रियेच्या वेळी आचके देत होते, चेहरे पिळवटत होते. देहाचे मानावे की वाणीचे? शिवाय अहवाल इंग्रजीत आणि रुग्ण देशी भाषा बोलणारे. बंगालीत ‘ब्यथा’ ही प्रथम शरीराची, मराठीत ‘व्यथा’ बहुधा मनाची. इतक्या जवळच्या दोन भाषांत जेथे असे अंतर पडते, तेथे रुग्णाचा नकार इंग्रजीत उतरताना नेमके काय नाकारले गेले हे ठरविणे सोपे नव्हे. साहेबाला खूष करण्यासाठी हे लोक खोटे बोलतात, असे विरोधक म्हणत. हा आक्षेप पोकळ वाटतो. सुरीखाली पडलेल्या माणसाने केवळ सौजन्यापोटी मूक राहावे, ही कल्पना मेस्मरच्या द्रवाहून अधिक विश्वसनीय नाही. समितीने सिद्धान्ताच्या वादात न गुंतता परिणामाची दखल घेतली, आणि नोव्हेंबर 1846 मध्ये कलकत्त्यास एक वर्षापुरते मेस्मेरिक रुग्णालय उघडण्यात आले. 1848 साली दुसरे उघडले, ते नागरिकांच्या वर्गणीतून.

तोवर क्लोरोफॉर्म आला होता. नोव्हेंबर 1847 मध्ये सिम्प्सनने एडिंबरो येथे त्याचा वापर जाहीर केला. जानेवारी 1848 मध्येच इंग्लंडात हॅना ग्रीनर ही 15 वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म देताना दगावली. तरीही मिनिटांत गुंगी आणणाऱ्या औषधापुढे तासन्‌तासांची हस्तक्रिया टिकणे शक्य नव्हते. क्लोरोफॉर्मने साक्षीचा प्रश्नही निकालात काढला. रुग्णास काही विचारण्याची गरजच राहिली नाही. 1851 साली एस्डेल हिंदुस्थान सोडून गेला व 1859 साली मरण पावला.

दरम्यान मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने 1843 सालीच द्रवाची कल्पना टाकून निद्रावाचक ग्रीक शब्दावरून ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ करण्यास प्रारंभ केला होता. ब्रिटिश वैद्यक संघटनेने 1955 साली वेदनाशमनासाठी ज्या उपचाराला मान्यता दिली, तो या नावाने. मराठीने त्यासाठी ‘संमोहन’ हा शब्द घेतला. त्यात निद्रा नाही, द्रव नाही आणि झाडणेही नाही. संस्कृतात ते मदनाच्या पाच बाणांपैकी एकाचे नाव आहे.