अंगठा नको, साथ दे: सायकलच्या जोडीदाराची शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट

इअरफोन लावलेत ना? सायकल चालवता चालवता ऐकत असाल तर एक कान मोकळा ठेवा, प्लीज.

गेल्या महिन्यात मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं होतं, "रविवारी पहाटे साडेपाच, मरीन ड्राइव्ह. कोण येतंय?" अकरा जणांनी अंगठा पाठवला. रविवारी कळलं की तो मराठीतला अंगठा होता. मी वीस मिनिटं कठड्याजवळ एकटीच उभी. शेजारी सायकल, समोर समुद्र आणि मागे मॉर्निंग वॉकवाले आजोबा, जे मला तीनदा विचारून गेले, "कोणाची वाट बघतेस, बेटा?"

एवढ्या माणसांच्या शहरात सायकलला एक जोडीदार मिळू नये? चिडून घरी आले आणि या शहरातल्या जुन्या सायकलवाल्यांबद्दल वाचत बसले. तोच आजचा भाग.

१९२३ सालची मुंबई. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबमधले सहा तरुण, सगळे पारशी, सगळे विशीतले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरीमन कापडिया. ऑक्टोबरमध्ये हे सहा जण सायकली घेऊन निघाले. कुठे? तर जगाला फेरी मारायला. लोणावळ्याला नाही, जगाला!

आता बघा, या सहांनी एकमेकांना शोधलं कसं? आपण अनोळखी लोकांच्या ग्रुपमध्ये वेळ आणि जागा टाकतो आणि वाट बघतो. हे सहा जण मुळात एकाच क्लबमधले. वजन उचलताना कोण मध्येच सोडून देतो, कोण दात-ओठ खाऊन शेवटपर्यंत उचलतो, हे रोजच्या रोज डोळ्यांसमोर. निवड आधीच झालेली होती, असं मला वाटतं. पारशी समाजात खेळाची ही हवा जुनी होती. १८८६ साली इंग्लंडला क्रिकेट खेळायला गेलेला पहिला भारतीय संघ पारशांचाच होता.

पंजाब, बलुचिस्तान, इराण करत ते बगदादला पोचले. तिथून सीरियातल्या अलेप्पोपर्यंत वाळवंट. ९५६ किलोमीटर, २३ दिवस. भागाकार केला तर दिवसाला साधारण ४१-४२ किलोमीटर. तुमच्यातले काहीजण म्हणतील, "एवढंच? मी तर सकाळी नाश्त्याआधी करतो." बरोबर आहे. तुम्ही डांबरावर करता, गिअरच्या सायकलवर, आणि नाश्ता तयार असतो.

पण माझं लक्ष किलोमीटरपेक्षा दुसऱ्या एका आकड्यावर गेलं. सहा निघाले, परत आले तिघं. घाबरू नका, कोणी मेलं नाही. नरीमन कापडिया तेहरानहून घरच्या कारणासाठी परतला. गुस्ताद हाथीरामला अमेरिका इतकी आवडली की तो तिथेच राहिला. आणि त्यानंतर केकी पोचखानवालाही अमेरिकेतूनच माघारी फिरला. मला राहून राहून या केकीचाच विचार येतो. वाळवंट पार केलं, युरोप पार केला, आणि मग शेजारची सायकलच गेली. त्याच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही, पण मला ते परतणं समजतं.

उरलेले तिघं, हकीम, बापासोला आणि भुमगरा, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश असं करत मार्च १९२८ मध्ये मुंबईत परत आले. साधारण ७१,००० किलोमीटर. साडेचार वर्षांना थोडे दिवस कमी.

आता खरी गोष्ट. म्हणजे मला ज्याच्यासाठी हा भाग करायचा होता तो माणूस. फ्रामरोझ दावर.

हाही मुंबईचा, हाही पारशी. खेळांवर लिहिणारा पत्रकार. ते सहा जण निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, हा निघाला. एकटा. ना क्लबची टोळी, ना मित्र.

एकट्याने लांब सायकल चालवायची म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. समोरून वारा आला तर पुढे कोणी नाही, की ज्याच्या मागे लपून दोन मिनिटं श्वास घेता येईल. पाणी आणायला गेलात तर सायकलवर लक्ष कोण ठेवणार? पंक्चर काढताना साधी ट्यूब धरायला दुसरा हात नसतो. आणि रात्री, "आजचा चढ काय भयंकर होता ना?" हे कोणाला म्हणायचं? दावरने असे जवळजवळ नऊ महिने काढले, सुमारे ५,००० किलोमीटर.

आणि मग व्हिएन्नामध्ये त्याला गुस्ताव श्टाव्यानिक भेटला. ऑस्ट्रियन, सायकलवालाच.

जरा थांबा इथे. पहिलं महायुद्ध संपून जेमतेम सहा-सात वर्षं झालेली. त्या युद्धात ब्रिटिश साम्राज्य एका बाजूला, ऑस्ट्रिया दुसऱ्या बाजूला. दावर ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन. कागदावर बघितलं तर कालपरवाचे शत्रू. आणि हे दोघं पुढची वर्षानुवर्षं एकमेकांच्या मागेपुढे पॅडल मारत राहिले. आल्प्स झाला, सहारा झाला, मग दक्षिण अमेरिकेत अँडीज आणि अ‍ॅमेझॉनचं जंगल. दावर १९३१ मध्ये मुंबईत परतला तेव्हा सात वर्षं झाली होती, बावन्न देश आणि सुमारे १,१०,००० किलोमीटर. त्या सहांपेक्षा कितीतरी जास्त, आणि तेही मुंबईत एकही जोडीदार न मिळवता निघालेल्या माणसाने!

पुढे १९३३ मध्ये मुंबईचे आणखी तिघं निघाले. केकी खरास, रुस्तम गांधी, रतन श्रॉफ. त्यांचा प्रवास १९४२ पर्यंत चालला, म्हणजे मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं तरी. त्यांच्यावर वेगळा भाग करावा लागेल, कारण नुसता त्यांचा अफगाणिस्तानच अर्धा तास खाईल.

बरं, माझं काय झालं ते राहिलंच. त्या रविवारनंतर आठवड्याने मी पंक्चरवाल्याकडे बसले होते. शेजारी एक काकू, माझ्या आईच्या वयाच्या, त्यांची चेन सुटली होती. म्हणाल्या, "पहाटे एकटी जायला घरचे सोडत नाहीत गं." मी म्हटलं, "माझेही नाहीत सोडत, मी न सांगता जाते." चढावर त्या माझ्यापुढे असतात, हे सांगताना मला जरा लाज वाटतेय. पेडर रोडच्या चढावर मी उतरून सायकल ढकलते आणि त्या वर थांबून पाणी पितात.

उद्या पुन्हा साडेपाच. काकूंनी अंगठा नाही पाठवला, "हो, येते" असं लिहिलंय.