वारली चौक आणि कलावंतांच्या मुलाखती : कलेतिहासाच्या अध्यापनाचे एक साधन

कलेतिहासाच्या अध्यापनात वारली चित्रकलेचा उल्लेख बहुधा साचेबंद असतो : गेरूची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, त्रिकोणी मानवाकृती. कलावंताचे नाव मात्र क्वचितच येते. ही अनामिकता नोंद करणाऱ्यांनी निर्माण केलेली आहे.

लग्नाचा चौक लिहिण्याचा मान परंपरेने सवाशिणींचा. विधीची गाणी गाणारी धवलेरीही स्त्रीच. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू परिसरात कागद व रंग पोहोचविले. पुढे गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांचे नाव जगभर झाले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिंतीवरून कागदावर येताना ही कला बरीचशी पुरुषांच्या हाती गेली. हे स्थित्यंतर केवळ चित्रे दाखवून विद्यार्थ्यांस उमगत नाही. त्यासाठी चौक लिहिणाऱ्या वृद्ध स्त्रीस, ती हे कोणाकडून शिकली आणि कागद तिच्यापर्यंत आला का, असे विचारावे लागते.

येथे भाषेचाही प्रश्न आहे. वारली समाजात चौक 'लिहिला' जातो. मुलाखत प्रमाण मराठीत उतरविताना 'चित्र काढले' असे झाले, की सजावट आणि विधी यांतील भेदच पुसला जातो. म्हणून ध्वनिमुद्रण व मूळ शब्द जतन करणे अगत्याचे होय. शिवाय, ग्राहकांना वारंवार सांगून काही उत्तरे घोटीव झालेली असतात (अध्यापकांना ती अधिक आवडतात, हे निराळे!). अशा वेळी त्याच पाड्यातील दुसऱ्या स्त्रीची मुलाखत शेजारी ठेवून वाचावी.