'इंडियन' : इंग्लंडच्या लहान गावातील एका मेनूकार्डाचा इतिहास

साहित्याच्या विद्यार्थ्याला इतिहासाची साधने कोणती असे विचारले, तर तो बखरी, पत्रव्यवहार, रोजनिशा, प्रवासवर्णने अशी यादी देईल. उपाहारगृहाचे मेनूकार्ड त्या यादीत सहसा नसते. वास्तविक मेनूकार्ड ही एक संहिताच असते. तिला लेखक असतो, अपेक्षित वाचक असतो, स्वतःची परिभाषा असते आणि तिच्यात जे सांगितले आहे त्याइतकेच जे वगळले आहे तेही बोलके असते. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका संहितेचे वाचन करू इच्छितो. ती म्हणजे इंग्लंडमधील लहान गावांतल्या भारतीय उपाहारगृहाचे मेनूकार्ड.

इंग्लंडमधील बाजारपेठेचे कोणतेही लहान गाव डोळ्यांसमोर आणावे. चर्च, दोन-तीन पब, बँक, खाटकाचे दुकान आणि त्याच रांगेत 'ताजमहाल', 'कोहिनूर' किंवा 'बॉम्बे' अशा नावाचे एक उपाहारगृह. एकेकाळी आत हमखास लाल मखमली नक्षीचा भिंतकागद असे, पांढरी स्वच्छ टेबले असत, मागे सतारीची ध्वनिफीत चालू असे आणि जेवणाआधी पापड व चटण्यांचे तबक समोर येई. येथे येणारा इंग्रज गिऱ्हाईक भारतीय उपाहारगृहात जातो असे म्हणत नाही, तो 'इंडियन' खायला जातो. विशेषणाचे असे नाम होऊन बसणे ही केवळ बोलीची लकब नव्हे. त्या नामाच्या पोटात दोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि एक मोठे मौनही आहे.

करी इंग्लंडला परकी राहिली नव्हती. हॅना ग्लास या बाईंच्या १७४७ सालच्या पाकपुस्तकातच 'करी'ची कृती सापडते. कंपनीच्या नोकरीतून परतलेल्या गोऱ्या 'नवाबां'नी ही चव घरी नेली. थॅकरेच्या 'व्हॅनिटी फेअर' (१८४७-४८) या कादंबरीतील प्रसंग इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना आठवेल. भारतातून परतलेल्या कलेक्टर जोसेफ सेडलीवर छाप पाडण्यासाठी बेकी शार्प करी खाते, तोंड भाजले म्हणून 'चिली'ला हात घालते आणि अधिकच पोळते. नाव थंडाव्याचे, चव आगीची, असा हा शब्दाचा खेळ आहे. परंतु सेडलींच्या घरी मसाला वाटणारा हात भारतीय नाही, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. पदार्थ आधी आला, माणूस मागाहून.

माणूसही आला, पण त्याची कथा अपयशाची आहे. पाटण्यात १७५९ साली जन्मलेला, कंपनीच्या बंगाल सैन्यात वाढलेला दीन मुहम्मद १७८४ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे गेला. त्याने १७९४ साली पत्ररूपात प्रसिद्ध केलेले प्रवासवर्णन हे भारतीय माणसाने लिहिलेले पहिले इंग्रजी पुस्तक मानले जाते. याच गृहस्थाने १८१० मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदुस्तानी कॉफी हाऊस' काढले. तेथे हुक्का होता, वेताच्या खुर्च्या होत्या, करी होती. गिऱ्हाईक मात्र पुरेसे नव्हते. ज्यांना ही चव हवी होती त्यांच्या घरी स्वयंपाकी होते. १८१२ मध्ये दीन मुहम्मदचे दिवाळे निघाले आणि पुढे ब्रायटनला तो चंपीवाला म्हणून राजेरजवाड्यांत नावारूपास आला. म्हणजे पहिला भारतीय इंग्रजी लेखक आणि लंडनमधील पहिला भारतीय उपाहारगृहचालक हे एकच गृहस्थ होते. आपल्या वाङ्मयेतिहासांत याची नोंद झालीच तर पहिल्या भूमिकेपुरती होते.

पुढे १९२६ मध्ये एडवर्ड पामर यांनी रीजंट स्ट्रीटजवळ 'वीरास्वामी' काढले. त्याआधी १९२४ च्या वेम्ब्ली येथील साम्राज्य प्रदर्शनात त्यांनी भारतीय भोजनगृह चालवले होते. 'वीरास्वामी' हे साम्राज्याच्या आठवणी चाळवणाऱ्या श्रीमंतांचे ठिकाण होते. लहान गावातील 'इंडियन' मात्र या घराण्यातले नाही. त्याचा उगम जहाजाच्या कोळशाच्या खोलीत आहे.

आगबोटींच्या काळात ब्रिटिश कंपन्या हिंदुस्थानी खलाशी मोठ्या संख्येने भरती करीत. इंग्रजीत त्यांना 'लास्कर' म्हणत. शब्द आपल्या ओळखीच्या 'लष्कर'चाच. मुंबई बंदरातून निघणाऱ्या बोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी डेकवर आणि गोव्याचे ख्रिस्ती भोजनकक्षात असत. कलकत्त्याच्या बोटींवर इंजिनाच्या भट्टीत कोळसा ओढण्याचे काम मुख्यतः सिल्हेट जिल्ह्यातील मुसलमान शेतकऱ्यांच्या मुलांकडे होते. गावचा सारंग भरती करी आणि त्या भरतीचे पैसेही घेई. पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने कितीतरी कमी, उष्णता असह्य. अशा परिस्थितीत काहींनी लंडन, कार्डिफ, लिव्हरपूल अशा बंदरांत बोट सोडून पळ काढला. जमिनीवर उतरल्यावर जे काम सहज मिळे ते हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत भांडी घासण्याचे. तेथूनच पुढचा मार्ग निघाला. कॅरोलाइन अॅडम्स यांनी या वृद्ध खलाशांच्या तोंडून त्यांची हकीकत गोळा करून १९८७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ग्रंथाचे नाव 'सात समुद्र आणि तेरा नद्यांपार' अशा अर्थाचे आहे. बंगाली लोककथांतला हा वाक्प्रचार आमच्या 'सातासमुद्रापलीकडे'चा सख्खा भाऊ होय.

थोडक्यात, इंग्लंडला 'भारतीय' जेवण ज्यांनी खाऊ घातले ते व्यवसायाने आचारी नव्हते. ते शेतकरी होते, मग भट्टीवाले झाले, मग भांडी घासणारे, आणि शेवटी मालक. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेली कॅफे व तळलेल्या माशांची दुकाने त्यांनी चालवायला घेतली. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून चिप्स आणि ऑम्लेट तसेच ठेवले आणि त्यांच्या जोडीला भात व करी ठेवली. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने वसाहतींतील प्रजेला ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क दिला, १९६२ च्या कायद्याने ते दार बरेचसे लोटले. तोवर साखळी तयार झाली होती. एक भाऊ दुसऱ्याला बोलावी, मामा भाच्याला. भाच्याने काम शिकून स्वतःचे दुकान काढायचे ठरवले की तो मामाच्या रस्त्यावर ते काढीत नसे. जेथे अजून एकही 'इंडियन' नाही असे गाव शोधी. लहान गावांत ही उपाहारगृहे पोहोचण्यामागे एवढा साधा आप्तधर्म होता. अर्थात गर्दी जमली की रस्तेही तयार होत. टाईन नदीच्या मुखावरील साऊथ शील्ड्स या बंदराच्या गावातील ओशन रोड अशाच उपाहारगृहांसाठी ओळखला जातो.

दुसरे कारण पबच्या वेळांचे. पब रात्री साडेदहा-अकराला बंद होत. २००५ मध्ये नवा परवाना कायदा अमलात येईपर्यंत हेच चालले. त्यानंतर गावात उघडे असे फक्त 'इंडियन'. गिऱ्हाईक भुकेले, घाईत आणि बहुधा झिंगलेले. त्याला वीस मिनिटांत वाढायचे तर प्रत्येक पदार्थ स्वतंत्र रांधणे अशक्य होते. म्हणून कांदा शिजवून, वाटून केलेल्या एकाच मूळ रश्श्याची युक्ती निघाली. दुपारी तो मोठ्या पातेल्यात तयार ठेवायचा आणि रात्री मागणी येईल तसे त्यात मसाला, तिखट, साय, डाळ किंवा टोमॅटो घालून साठ पदार्थ उभे करायचे. पाणिनीला आवडावी अशी ही काटकसर आहे. मूळ धातू एक, प्रत्ययागणिक रूप वेगळे.

या व्याकरणात नावांचे अर्थही बदलले. 'कोर्मा' म्हणजे सौम्य, 'मद्रास' म्हणजे तिखट, 'विंदालू' म्हणजे जहाल. प्रदेशवाचक आणि कृतिवाचक शब्द तिखटपणाची मापे झाली. यांतील दोन शब्द आमच्याच किनाऱ्याचे आहेत. विंदालू मूळ पोर्तुगिजांचा, लसूण घातलेल्या मद्यात मुरवलेल्या मांसाचा. गोव्यात तो डुकराचे मांस आणि व्हिनेगर यांचा झाला. सिल्हेटी मुसलमानाच्या स्वयंपाकघरात डुक्कर अर्थातच गेले. आणि पोर्तुगीज भाषेतील 'लसूण' या शब्दाचे 'आलू' असे कानावर येऊन त्यात बटाटा शिरला. धनसाकची कथा याहून करुण आहे. मुंबईच्या पारशी घरात हा डाळ-मांसाचा पदार्थ शुभकार्याला करीत नाहीत. घरात मृत्यू झाला असता चौथ्या दिवशी तो करण्याची रीत आहे. इंग्लंडच्या मेनूकार्डावर तो अननसाचे तुकडे घातलेला एक आंबटगोड प्रकार आहे. शोकाची खूण पुसली गेली, चव तेवढी उरली.

महाराष्ट्रातून तिकडे जाणारे पाहुणे हे जेवण पाहून नाक मुरडतात. 'हे आपले जेवणच नव्हे' असा त्यांचा अभिप्राय असतो. आम्हांला हा अभिप्राय अपुरा वाटतो. देवलांच्या 'झुंझारराव'ला (१८९०) आपण बिघडलेला 'ऑथेल्लो' म्हणत नाही. त्याला रूपांतर म्हणतो आणि ते कोणत्या रंगभूमीसाठी, कोणत्या प्रेक्षकांसाठी झाले ते तपासतो. मेनूकार्डालाही तोच न्याय लावावयास हवा. शिवाय 'आपले' म्हणजे कोणाचे, हा प्रश्न उरतोच.

कारण उपाहारगृहाच्या पाटीवरचा 'इंडियन' हा शब्द ज्यांनी लिहिला ते बहुसंख्य लोक भारतीय नाहीत. सिल्हेट १८७४ मध्ये बंगालपासून तोडून आसामला जोडले गेले. १९४७ च्या जुलैमधील सार्वमताने त्याचा बहुतेक भाग पूर्व पाकिस्तानात गेला, करीमगंज भारतात राहिले. १९७१ मध्ये तेथे बांगलादेश झाला. शंभर वर्षांत गावाने न हलता इतके पत्ते बदलले. पाटी मात्र बदलली नाही, कारण गिऱ्हाइकाला ओळखीचा शब्द तेवढाच होता. मुंबई न पाहिलेला माणूस 'बॉम्बे' नावाने धंदा करतो, तो मुंबईच्या प्रेमापोटी नव्हे. आणि दुकान बंद झाल्यावर हीच मंडळी मागे बसून जे जेवत, ते भात, मासे, सातकरा या आंबट फळाचा रस्सा, ते मेनूकार्डावर जवळजवळ कधीच नव्हते. पुढच्या दालनात वाढली जाणारी भाषा एक आणि मागच्या दारी बोलली जाणारी दुसरी. आरंभी आम्ही ज्या वगळण्याचा उल्लेख केला, ते हे.

लहान गावात या माणसाचा एकटेपणा मोठ्या शहरापेक्षा अधिक असे. बायकामुले अनेक वर्षे सिल्हेटला, स्वतःचे बिऱ्हाड उपाहारगृहाच्या माडीवर, आणि रोज रात्री खाली झिंगलेल्या गिऱ्हाइकांच्या टिंगलीला तोंड देणे. १९९८ मध्ये बीबीसी दूरचित्रवाणीवर आलेल्या 'गुडनेस ग्रेशस मी' या विनोदी मालिकेतील एका प्रसंगात हे नाते उलटे केले होते. मुंबईतील भारतीय मंडळी रात्री 'इंग्लिश' खायला जातात आणि गोऱ्या वाढप्याच्या नावाची खिल्ली उडवतात. प्रेक्षक हसले, कारण मूळ प्रसंग प्रत्येकाने पाहिला होता.

कादंबरीनेही या माणसाची दखल घेतली. झेडी स्मिथ यांच्या 'व्हाइट टीथ'मधील (२०००) समद इक्बाल हा महायुद्धात लढलेला, शिकलेला बंगाली मुसलमान लंडनच्या एका उपाहारगृहात वाढपी आहे, आणि आपण केवळ वाढपी नाही हे जगाला सांगण्याची त्याची तळमळ कादंबरीत प्रकटते. मोनिका अली यांच्या 'ब्रिक लेन'ला (२००३) खुद्द सिल्हेटी समाजातूनच विरोध झाला आणि २००६ मध्ये तिच्यावरील चित्रपटाच्या चित्रीकरणाविरुद्ध निदर्शने झाली. आपले चित्रण कोणी करावे, या प्रश्नावर तेथे वाद पेटला. आपल्या दलित व ग्रामीण साहित्याच्या चर्चा ऐकलेल्यांना तो नवा वाटणार नाही. मात्र या दोन्ही गाजलेल्या कादंबऱ्या मुख्यतः लंडनमध्ये घडतात. लहान गावातील माडीवरचा माणूस त्यांच्या कक्षेबाहेर राहतो.

एप्रिल २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी एका भाषणात 'चिकन टिक्का मसाला' हा खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ असल्याचे म्हटले. भाजलेल्या कोंबडीला रश्श्याची जोड इंग्रजांच्या आवडीखातर दिली गेली, हा त्यांचा मुद्दा होता. पदार्थाला असे नागरिकत्व मिळाले. तो रांधणाऱ्यांसाठी मात्र पुढील काळात प्रवेशाचे नियम कडक होत गेले आणि नवे आचारी आणणे कठीण झाले. मुले शिकून डॉक्टर, वकील, हिशेबनीस झाली. बापांनी रात्री जागवल्या त्या यासाठीच, असेही म्हणता येईल. आता अनेक गावांतील जुनी 'इंडियन' बंद होत आहेत आणि त्यांची मेनूकार्डे रद्दीत जात आहेत.

आमची सूचना एवढीच की ही रद्दी वाचली गेली पाहिजे, आणि तेथे थांबूही नये. आपल्या तालुक्याच्या गावातील बसस्थानकासमोरच्या उडुपी हॉटेलाचे मालक कोठून आले, कोणाच्या मागून आले, पाटीवर काय लिहितात आणि मागच्या खोलीत काय जेवतात, हे विचारायला आमच्या विद्यार्थ्यांना परदेशी जावे लागणार नाही. अॅडम्सबाईंनी हे काम माणसे हयात असताना केले, म्हणून ते झाले.