कात्री लावण्याआधी

मागच्या रविवारी आमच्या गावात महिलांचं हस्तकला शिबिर होतं. चार ओळींची बातमी, एक फोटो, अर्ध्या तासात परत, असा हिशोब करून गेलो होतो. एका टेबलावर शुभेच्छापत्रं मांडली होती. जाड हातकागदावर जुन्या पुस्तकांतली फुलं, पानं, पाखरं कापून चिकटवलेली. काम खरंच देखणं होतं. एका कार्डावर धनेश होता, इतका सुरेख की मी उचलून बघत बसलो.

मग टेबलाखाली लक्ष गेलं. कात्रणांचा ढीग. त्यात त्याच पानाचा उरलेला कोपरा आणि त्यावर एका वाचनालयाचा अर्धा शिक्का.

"ताई, हे पुस्तक कुठून आणलंत?"

"रद्दीवाल्याकडून, दादा. किलोवर घेतलं. मी उचललं नसतं तर त्याच्या पुड्या झाल्या असत्या."

यावर काय बोलणार? खरंच होतं ते. चित्राखाली छापलेल्या ओळीचं विचारलं, तर ती कापण्यात गेली होती आणि केर आधीच भरला होता. पुस्तक कोणतं, चित्र कोणाचं, साल कोणतं, आता कोणालाच सांगता येणार नाही. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. चित्र कापून चिकटवणं हा काही गुन्हा नाही. आपण सगळे चिकटवही करूनच मोठे झालो. स्टेशनरीच्या दुकानातून पक्ष्यांचा तक्ता आणायचा, चौकोन कापायचे, खळीने चिकटवायचे. पण खाली नाव लिहिल्याशिवाय गुरुजी सही करत नसत. तो नियम किती मोलाचा होता, हे आत्ता कळतंय.

युरोपात तर अठराव्या शतकात खास कापण्यासाठीच चित्रांची पुस्तकं निघत. लंडनच्या रॉबर्ट सेयर या प्रकाशकाने १७६० च्या सुमारास 'द लेडीज अम्यूझमेंट' नावाचं पुस्तक काढलं. फुलं, पक्षी, किडे, फुलपाखरं अशी शेकडो चित्रं. बायकांनी ती रंगवायची, कापायची, पेट्यांवर आणि फर्निचरवर चिकटवायची आणि वरून व्हार्निशचे हात द्यायचे. त्यात एक सल्लाही आहे. त्याचा आशय असा की, भारतीय आणि चिनी विषयांत हवी तेवढी मोकळीक घ्या, कारण फुलपाखराने हत्ती पेलल्यासारख्या अजब गोष्टी त्यांच्याकडे असतातच! म्हणजे आपल्याकडचा निसर्ग म्हणजे नुसती नक्षी, त्याला नावगाव लागत नाही, ही समजूत तेवढी जुनी आहे.

त्याच काळातल्या मेरी डेलनी या बाईंचं काम मात्र वेगळं. वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून काळ्या कागदावर फुलं उभी करायला सुरुवात केली. पुढच्या दहाएक वर्षांत, नजर साथ देईनाशी होईपर्यंत, जवळजवळ हजार फुलं केली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांनी छापील पुस्तक कापलं नाही, समोर खरं फूल ठेवून कागद कापला. आणि मागच्या बाजूला फुलाचं नाव, तारीख, जागा, फूल कोणी दिलं, हेही लिहून ठेवलं. म्हणून अडीचशे वर्षांनीही ते काम अभ्यासकांना उपयोगी पडतं.

आता आपल्याकडे या. कोचीचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हेड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये त्याचे १२ खंड निघाले. इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य यांनी माहिती दिली. पहिल्या खंडात त्यांची नावानिशी प्रमाणपत्रं छापली आहेत. कोकणी वैद्यांचं तर चक्क नागरी लिपीत! सुरुवातीच्या खंडांतल्या चित्रांवर झाडांची नावंही नागरीत आहेत. नेटवरून त्यातलं चित्र घेऊन डायरीवर चिकटवताना आपण बहुतेक वेळा तीच अक्षरं छाटून टाकतो.

आणि ज्याचं नाव लिहिलंच गेलं नाही, त्याचं काय होतं? पुण्याजवळ दापोडीला एकोणिसाव्या शतकात सरकारी वनस्पती उद्यान होतं. अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर त्याचा प्रमुख होता. पुढे तो मुंबई इलाख्याच्या जंगलांचा मुख्य अधिकारी झाला. १८४७ ते १८५० दरम्यान त्याने एका इथल्या चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रं काढून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये, एडिनबराच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. त्यांच्यावर मोठं पुस्तकही निघालं. गिब्सनचं नाव आहे, झाडांची नावं आहेत. चित्रकाराचं नाव नाही. आपल्या मातीतला माणूस, एवढा मोठा हात, आणि ओळख म्हणून उरलं फक्त 'दापुरी ड्रॉइंग्ज'.

आपण कात्रीने नेमकं हेच पुन्हा करतो. चित्र राहतं, नाव जातं.

यावर उपाय सोपा आणि स्वस्त आहे. 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी' या संकेतस्थळावर जगभरच्या ग्रंथालयांतली निसर्गविषयक जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवली आहेत. लाखो चित्रं फुकट उतरवता येतात. आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली चित्रं बिनधास्त वापरा. विकायची कार्डं करणार असाल तर त्या स्कॅनखालची अट तेवढी वाचून घ्या. प्रिंट लेझरवर काढा. इंकजेटची शाई गोंदाने फुटते. आणि कार्डाच्या मागे एक ओळ लिहा: काय आहे, कोणी काढलं, कधी.

शिबिरातल्या ताईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण दादा, ते पुस्तक रद्दीत टाकलं कोणी, ते विचारा की आधी."

अगदी बरोबर. कात्री त्यांच्या हातात शेवटी आली. वाचनालयाच्या कपाटातून पुस्तक बाहेर पडताना कोणी उघडून तरी पाहिलं होतं का? गावोगावची जुनी वाचनालयं जागा करायला पुस्तकं काढतात, त्यांची अडचण मला माहीत आहे. पण रद्दीवाल्याला बोलावण्याआधी यादी आठ दिवस फलकावर लावायला पैसे लागत नाहीत. चित्रांची पानं मोबाइलवर टिपायला एक दुपार पुरते. आपल्या वाचनालयाचे सभासद असाल तर पुढच्या सभेत एवढं तरी मांडा.

मी मांडणार आहे. धनेशाचं ते कार्ड मी विकत घेतलं. मागे लिहिलं: 'धनेश. पुस्तक माहीत नाही. चित्रकार माहीत नाही.' आणि खाली रविवारची तारीख टाकली.